एमसीआय : औषधांच्या चाचण्या आणि सरकत राहिलेली रेषा

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरोघर जे सोडून दिले जाई, त्याला १९६० च्या दशकात वैद्यकानेही निरुपद्रवी विस्मरणच म्हटले होते. औषधाचा प्रश्नच नव्हता. तो आला १९९९ नंतर, एमसीआयचे (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची आकलनाची सौम्य घसरण) निकष रूढ झाल्यावर: विसरण्याची तक्रार, वयाच्या मानाने चाचणीत कमी गुण, बाकी बुद्धी शाबूत, रोजचे व्यवहार जवळपास सुरळीत आणि स्मृतिभ्रंश नाही.

अल्झायमरवरची डोनेपेझिलच्या जातीची औषधे तेव्हा हाताशी होतीच. तीच थोडी आधी सुरू केली तर? ७६९ जणांवर तीन वर्षे चाललेल्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. व्हिटॅमिन ई निरुपयोगी ठरले. डोनेपेझिल घेणाऱ्यांत पहिल्या वर्षी अल्झायमरचे निदान कमी झाले, पण तिसऱ्या वर्षाअखेर फरक उरला नाही. वर्षभराची सवलत थोडी का आहे, असे काहींचे म्हणणे. मला ते पटत नाही. लक्षणे तेवढी हलकी करणारे औषध माणसाला निदानाच्या रेषेच्या जरा अलीकडे रोखून धरते. आत आजार चालूच असतो.

खरी गोम त्या रेषेतच होती. या चाचण्यांचे यश मोजायचे ‘रूपांतर’ या शब्दाने, म्हणजे एमसीआयमधून अल्झायमरमध्ये किती जण गेले यावर. पण आजार काही ठरावीक तारखेला रूप पालटत नाही; तारीख पडते ती डॉक्टर निदान लिहितो त्या दिवशी. वरच्या चाचणीत वर्षाला १६ टक्के लोक रेषा ओलांडत होते. रोफेकॉक्सिब या सूज-वेदनाशामक औषधाच्या चाचणीत १,४५७ जण होते. तिथे १० ते १५ टक्क्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात नकली गोळीवर ४.५ आणि औषधावर ६.४ टक्के, म्हणजे औषध घेणारेच जास्त. डोनेपेझिलच्याच जातीच्या रिव्हास्टिग्माइनच्या चाचणीत रूपांतर इतके संथ निघाले की दोन वर्षांचा बेत चार वर्षांवर न्यावा लागला, तरी ठोस फायदा दिसला नाही. नाव एकच, पण प्रत्येकाने गोळा केलेली माणसे वेगळी.

‘व्यवहार सुरळीत’ हेही तसेच. प्रचलित प्रश्नावलीत चेक लिहिणे, बिले भरणे, कराचे कागद सांभाळणे असे प्रश्न असतात. आयुष्यभर बँकेची पायरी न चढलेल्या आपल्याकडच्या आजीची रेषा यावरून कशी आखणार?

त्याच जातीच्या गॅलँटामाइन या औषधाच्या दोन चाचण्यांत मिळून सुमारे दोन हजार जण होते. त्याही फसल्या, शिवाय औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसल्याने २००५ मध्ये इशारा द्यावा लागला.

२०११ मध्ये निकषच पालटले. पेट स्कॅन आणि पाठीच्या मणक्यातील द्रवाची तपासणी यांच्या आधारे ‘अल्झायमरमुळे झालेला एमसीआय’ वेगळा काढता येऊ लागला. मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारे प्रथिन) साठलेले एमसीआयचे रुग्ण आणि सौम्य स्मृतिभ्रंशाचे रुग्ण अनेक मोठ्या चाचण्यांत एकत्र घेतले गेले. रूपांतराऐवजी स्मरण आणि रोजचे व्यवहार किती बिघडले हे मोजणारी १८ गुणांची मोजपट्टी आली. अमायलॉइड तयार होणे रोखणाऱ्या व्हेरुबेसेस्टॅटने आकलन उलट बिघडवले. साठलेले अमायलॉइड हटवणाऱ्या अडुकानुमॅबला अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीने नकार दिला होता. तरी जून २०२१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तिघा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि महिन्याभरात वापर एमसीआय व सौम्य स्मृतिभ्रंशापुरता आवळला गेला. २०२४ मध्ये कंपनीनेच ते थांबवले. त्याच जातीच्या लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ जण होते. दीड वर्षाने फरक दिसला ०.४५ गुणाचा, बातम्यांत तो ‘२७ टक्के’ म्हणून छापून आला. मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका सहसा खालच्या परिच्छेदात. २०२४ मध्ये याच जातीचे डोनानेमॅबही मंजूर झाले.

ही मंजुरी अमायलॉइड सापडलेल्यांसाठी. विसरभोळेपणा तसाच, गुणही तितकेच कमी, पण अमायलॉइड नाही, अशा एमसीआयच्या रुग्णांसाठी मंजूर औषध आजही एकही नाही.