नोकरीचा दाखला म्हणजे शिफारसपत्र नव्हे

परदेशात कायदा शिकायला जायचं म्हणून बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, खानापूरकडची मुलं कागद दाखवायला माझ्याकडे येतात. फाईल उघडली की वर तोच कागद: 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न', अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला, पद अमुक, वर्तन चांगलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा, मालकांची सही, गोल शिक्का. "सर, मालकांनी शिफारसपत्र दिलंय." नाही बाळा, हा नोकरीचा दाखला आहे.

दाखला काय असतो हे नोकरी बदललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. शिफारसपत्र मात्र आपल्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं. कर्नाटकात तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीचे गुण बघतात, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते; मालकांचं मत कुणी विचारत नाही. अमेरिकेतली लॉ स्कूल्स विचारतात.

खरा फरक एकच आहे. दाखला कंपनी देते, शिफारसपत्र माणूस देतो, आणि तोही तुमचं काम स्वतः पाहिलेला. दाखला हजेरीपटावरून कुणीही कारकून टाईप करू शकतो. शिफारसपत्र ही साक्ष आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, की तोंडी साक्ष प्रत्यक्ष हवी. ज्यानं पाहिलं त्यानंच सांगायचं. वकील व्हायला निघालेल्यांनी तरी हे विसरू नये.

खानापूरची एक मुलगी चार वर्षं एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात होती. त्यांनी पहिल्यांदा जे लिहून दिलं त्यात 'प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू' एवढंच होतं. मी तिला परत पाठवलं आणि साहेबांना एकच विचारायला सांगितलं: माझं कोणतं काम तुमच्या लक्षात राहिलंय? साहेबांनी लिहिलं, की एका वाटणीच्या दाव्यात 1948 चं मराठी खरेदीपत्र आणि आताचा कन्नड आरटीसी उतारा (म्हणजे आपला सातबारा) तिनं शेजारी ठेवून वाचले, क्षेत्र जुळत नाही हे दाखवलं, आणि दावा दाखल करण्याआधी मोजणी मागवावी लागली. इथले 1956 च्या आधीचे, मुंबई राज्यातले कितीतरी दस्त मराठीत आहेत. दोन्ही भाषांत कागद वाचणारी मुलगी म्हणजे काय, हे त्या चार ओळींतून परक्या माणसालाही कळतं. 'कष्टाळू'मधून काही कळत नाही.

म्हणून फौंड्रीत काम केलं असेल तर मोठ्या मालकांपेक्षा ज्या मॅनेजरच्या हाताखाली रोज काम केलं त्याच्याकडे जा. तुम्हाला दोनदाच भेटलेल्या आमदारांचं किंवा चेअरमनचं पत्र आणूच नका. माझ्या मते ते नुकसानच करतं. साहेबांना इंग्रजी जड जात असेल तर ते मराठीत बोलोत आणि दुसरा कुणी इंग्रजीत लिहो, पण मजकूर त्यांचा हवा. तुम्ही लिहायचं आणि त्यांनी सही ठोकायची, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही.

दाखला तुमच्या हातात येतो, पत्र येत नाही. अमेरिकेतल्या जे.डी.साठी, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीसाठी, पत्रं लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिल या संस्थेमार्फत जातात. तुम्ही तुमच्या खात्यात साहेबांचं नाव आणि ई-मेल भरायचा, त्यांना लिंक जाते, पत्र तेच चढवतात. पत्र बघण्याचा हक्क सोडता का, असंही विचारतात. सोडा. उमेदवारानं वाचलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो.

लेटरहेड, शिक्का, कागदाचा दर्जा यांत जीव घालू नका.

मालकांच्या पत्रानं प्राध्यापकांच्या पत्राची जागा भरेल असंही समजू नका. हार्वर्डला दोन पत्रं लागतात आणि त्यातलं एक तरी शिकवणाऱ्याचं असावं असा त्यांचा आग्रह असतो. कॉलेज सोडून बरीच वर्षं झाली असतील तर नोकरीतल्या पत्राचं वजन वाढतं. साहेबांना निदान दोन महिने आधी सांगा, आणि सांगायला जाताना आपण केलेल्या तीन-चार कामांचे कागद बरोबर न्या, म्हणजे त्यांना आठवायला सोपं जाईल.