औंधच्या डोंगरावर चित्रे कशी पोहोचली?

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध गाठायचे, यमाईचे दर्शन घ्यायचे, डोंगराच्या निम्म्यावर असलेल्या श्री भवानी संग्रहालयात दोन-तीन तास काढायचे आणि दिवेलागणीला घरी, हा बेत आता चांगलाच रुळला आहे. चित्रकलेचे विद्यार्थी मुद्दाम येतात, देवीला आलेली मंडळी जाता जाता डोकावतात. आत राजा रविवर्म्यांची तैलचित्रे आहेत, लघुचित्रे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्पही आहे. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात हे सगळे जमले ते औंध संस्थानाच्या अखेरच्या चाळीसेक वर्षांत.

औंधच्या राजघराण्याकडचे छत्रपतींचे प्रतिनिधीपद राजाराम महाराजांच्या काळातले. तो इतिहास इथे उगाळत बसत नाही. १९०९ मध्ये गादीवर आलेले राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी पदवीधर होते, कीर्तन करत, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले होते आणि स्वतः कुंचला धरत. रामायणावरची त्यांची चित्रमाला १९१६ मध्ये छापून निघाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा तिच्यासाठी त्यांनी लाखाची देणगी कबूल केली. ती आवृत्ती सचित्र असावी हा आग्रहही त्यांचाच. त्यांची आवड कीर्तनकाराची होती असे म्हणायला हरकत नाही. कथा कानावर पडली तशी डोळ्यांपुढेही उभी राहिली पाहिजे, हा हिशेब. देवादिकांची आणि शिवचरित्रातली चित्रे संग्रहात एवढी का, याचे उत्तर त्यात मिळते.

संस्थान मात्र लहान. गावे ७२, तीही सलग नाहीत. आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापूरकडे. ब्रिटिश मुलखात बेटे पसरावीत तसा हा कारभार. तरीही माणसे इथे ओढली गेली. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेले एक चित्रकार १९१८ च्या सुमारास औंधात आले, वेदांचे पंडित म्हणून नावारूपाला आले आणि १९४८ मध्ये गुजरातेत पारडीला गेले. संस्थानाने दिलेल्या माळावर १९१० मध्ये ज्यांनी नांगरांचा कारखाना उभारला, तेही आधी जेजेतच चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. डोळ्यांनी साथ दिली असती तर किर्लोस्करवाडीचे काय झाले असते कोण जाणे!

खरा वाद आहे तो जागेचा. संग्रहालय १९३८ मध्ये उघडले, तेही डोंगरावर. राजवाडा खाली गावात होता, साताऱ्यात किंवा पुण्यात वास्तू बांधणेही राजाला अशक्य नव्हते. विलीनीकरणानंतर संग्रहालय सरकारकडे गेले, आणि तेव्हापासून एक सूर अधूनमधून ऐकू येतो: एवढा मोलाचा ठेवा आडगावात कशाला? अभ्यासकाला एका चित्रासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो, जतन करणारे तज्ज्ञ शहरात बसतात, पाहणारेही तिथेच जास्त. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण इमारत चित्रांसाठी म्हणूनच बांधलेली आहे. वरून येणारा उजेड चित्रांवर पडावा अशी तिची रचना आहे. शिवाय देवीच्या वाटेवर असल्यामुळे संग्रहालयाच्या दाराशी कधी गेला नसता असा माणूस रविवर्म्यांसमोर येऊन उभा राहतो. नऊवारीतल्या आजी चित्रातल्या बाईच्या पदराची जर बोटाने दाखवतात, तेव्हा शहरवाल्यांचा युक्तिवाद निम्मा गळून पडतो. मुंबईत हीच चित्रे चार दालनांतले एक दालन झाली असती.

वेळही बघण्यासारखी आहे. संग्रहालय उघडले आणि लगोलग १९३९ मध्ये राजाने नवी घटना देऊन कारभार रयतेच्या हाती सोपवला. संग्रहालयाचे काम दोन-तीन वर्षे लांबले असते तर निवडून आलेल्या मंडळींनी आधी विहिरी आणि शाळा मागितल्या असत्या, आणि त्यांना चूक कोण म्हणणार होते?

मूर यांचे शिल्प या सगळ्यात वेगळे पडते. ना पुराणकथा, ना जरीचा पदर, आकारही लहान. शाळेची रांग रविवर्म्यांकडे सरकताना त्याच्यावरून सहज पुढे निघून जाते, आणि सोबतचे गुरुजीही बहुधा थांबवत नाहीत.

दरबारी गवयाने १९४० मध्ये सुरू केलेला संगीत उत्सव आश्विनात अजून भरतो. त्या सुमारास जाणार असाल तर एका दिवसात परतायचा बेत सोडा आणि मुक्कामाची सोय आधी बघा.