प्रेअरीवरील गव्हाची कापणी व मळणी

कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांतील गवताळ मैदानांवर स्थलांतरित शेतकऱ्यांनी गव्हाची कापणी-मळणी करण्याची जुनी पद्धत. १८७२च्या कायद्याने १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळू लागली. ही मूळची क्री, ब्लॅकफूट आदी आदिवासी लोकांची भूमी. करारांनंतर त्यांना राखीव क्षेत्रांत ढकलले गेले, हे या सुगीच्या इतिहासातून वगळता येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत पेरा थोडा असे. लांब पात्याच्या दोन हाती विळ्याने कापायचे, दांडक्याने झोडपायचे आणि वाऱ्यावर उफणायचे, एवढ्यावर भागे. पेरा वाढला तशी घोड्यांनी ओढायची पेंढ्या बांधणारी यंत्रे आली. आधीच्या यंत्रांत पेंढी तारेने बांधली जाई. तारेचे तुकडे जनावरांच्या पोटात जात. त्यामुळे सुतळीने गाठ मारणारे यंत्र आल्यावर तार लवकरच मागे पडली. यंत्रामागून माणसे चालत आणि आठ-दहा पेंढ्या ओंब्या वर करून एकमेकींना टेकवून उभ्या करीत. दाणे वाळावेत आणि पावसाचे पाणी निथळून जावे, हा त्यामागचा हेतू.

खरी कसोटी मळणीची. वाफेचे इंजिन आणि मळणीयंत्र इतके महाग होते की बहुतेकांना ते परवडत नसे. यंत्रमालक आपली टोळी घेऊन शेतोशेत फिरे आणि मजुरी बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे माप) घेई. आपली पाळी येईपर्यंत पीक उघड्यावर राही, त्यामुळे शेजाऱ्याशी बिघडवून कोणालाच चालत नसे. इंजिनात बहुधा पेंढाच जाळत. ठिणगी उडून गंज पेटू नये म्हणून इंजिन दूर उभे करून लांब पट्ट्याने यंत्र फिरवत. पट्टा फडफडू नये म्हणून त्याला एक पीळ देत. टोळीतील वीस-पंचवीस माणसांना दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घालण्याचे काम घरातल्या बायकांकडे असे. मला ते मळणीइतकेच कष्टाचे वाटते, पण जुन्या हिशेबवह्यांत त्याला क्वचितच जागा मिळाली. मजूर कमी पडत म्हणून १८९०च्या सुमारापासून पूर्वेकडून स्वस्त भाड्याच्या खास आगगाड्या सोडल्या जात.

लवकर पडणारे कडक हिव ही कायमची धास्ती होती. रेड फाइफ हा गहू उत्तम, पण उशिरा पिकणारा. त्याचा हार्ड रेड कलकत्ता या लवकर पिकणाऱ्या भारतीय गव्हाशी संकर करून मार्क्विस हे वाण तयार झाले. धान्यतज्ज्ञ चार्ल्स साँडर्स यांनी ओटावात त्याची निवड केली आणि १९०९पासून ते शेतकऱ्यांकडे गेले. सुमारे आठवडाभर आधी पिकणाऱ्या या वाणाने लागवड आणखी उत्तरेकडे सरकवली.

१९२०च्या दशकात कापणी आणि मळणी एकत्र करणारी कंबाईन यंत्रे दिसू लागली. मंदीच्या काळात त्यांचा प्रसार रखडला. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र फिरत्या टोळ्या झपाट्याने नाहीशा झाल्या.