४५० आणि ४९०: मसल कारच्या अश्वशक्तीची पार्श्वभूमी

१९७० ची शेव्हरले शेव्हेल एसएस ४५४ (मोठ्या, ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी, म्हणजे मसल कार) आणि शेव्हरलेचीच स्पोर्ट्स कार, २०२० ची कॉर्व्हेट, यांची तुलना निघाली की दोन आकडे हमखास पुढे येतात. जुनी ४५० एचपी (अश्वशक्ती), नवी ४९०. पन्नास वर्षांत वाढ जेमतेम ४० ची, असं म्हणत जुन्या गाडीचे चाहते खूश होतात. पण हे आकडे एका मापाने मोजलेलेच नाहीत.

अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ एचपी छापायची रीत होती. इंजिन गाडीबाहेर टेस्ट बेंचवर चढवायचं, एअर क्लीनर, पंखा, अल्टरनेटर काढून ठेवायचे, एक्झॉस्ट मोकळा सोडायचा आणि मिळेल तो सर्वांत मोठा आकडा जाहिरातीत टाकायचा. १९७२ च्या मॉडेलपासून ‘नेट’ आलं. गाडीत असतं ते सगळं जोडून मोजणी. १९७१ च्या कॉर्व्हेटसाठी दोन्ही आकडे उपलब्ध आहेत, म्हणून फरक नेमका कळतो: ४५४ घनइंची इंजिन ग्रॉसने ३६५, नेटने २८५. इंजिन तेच, ८० एचपी नुसत्या कागदावर गेले.

१९७१ मध्येच कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन रेशोही (सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबायचं ते प्रमाण) उतरवला होता, त्यामुळे ताकद थोडी खरोखर घटली. पुढे या दोन्ही घटींची सरमिसळ झाली आणि सगळं खापर प्रदूषणाच्या कायद्यावर फुटलं. हा त्या कायद्यावर अन्यायच आहे.

नेट आकडा काढायला ‘ग्रॉसला ०.८ ने गुणा’ हा सोपा तोडगाही फसवा. काही कंपन्या मुद्दाम आकडा कमी सांगत. जास्त एचपीच्या गाडीला विम्याचा हप्ता भरमसाट लागे, हे त्याचं एक कारण. १९६७ ते ६९ च्या कॉर्व्हेटचं एल८८ इंजिन कागदावर ४३० चं, प्रत्यक्षात ५०० च्या वर.

१९७३ च्या तेलटंचाईने मसल कारचा उरलासुरला जोर ओसरला. २००५ पासून साक्षीदारासमोर मोजून प्रमाणित करून घ्यायची (ऐच्छिक) सोय झाली, तेव्हा कुठे आकड्यांवर विसंबता येऊ लागलं.

तरी ताशी ६० मैलांचा वेग नवी कॉर्व्हेट ३ सेकंदांच्या आत गाठते, ते एकट्या एचपीमुळे नव्हे. तिचं इंजिन चालकाच्या मागे, गिअरबॉक्स ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचमुळे झटपट गिअर बदलणारा. शेव्हेलचं जड इंजिन पुढे, आणि ५०० पाउंड-फूट टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) अरुंद, जुन्या धाटणीच्या बायस-प्लाय टायरांवर. सिग्नल सुटला की निम्मी ताकद धुरातच जायची.