सीटीच्या फाइलमध्ये नाव कुठे असतं?

सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ बिंदू. बिंदूमागे २ बाइट धरले, की कापाला अर्धा एमबी होतो. पोटाच्या एका तपासणीत ५०० काप निघाले तर २५० एमबी, आणि दिवसाला असे २० रुग्ण आले तर रोजचे ५ जीबी. एवढी जागा आज स्वस्तात मिळते. खरी काळजी आहे ती त्या फाइलच्या पोटात काय असतं याची.

ही फाइल ‘डायकॉम’ प्रकारची, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांसाठी ठरवलेल्या साच्यातली असते. सुरुवातीला १२८ बाइटची राखीव जागा, मग ‘डीआयसीएम’ ही चार अक्षरं आणि त्यानंतर क्रमांक दिलेले रकाने. (००१०,००१०) मध्ये रुग्णाचं नाव, (००१०,००३०) मध्ये जन्मतारीख. त्यामुळे फाइलचं नाव बदलून पेनड्राइव्हवर दिली तरी रुग्णाची ओळख तिच्याबरोबर जातेच. संशोधनासाठी प्रतिमा देताना हे रकाने पुसावे लागतात. मशीन बनवणाऱ्या कंपनीचे खासगी रकानेही तपासावे लागतात. सोनोग्राफीत तर नाव बरेचदा चित्रावरच उमटलेलं असतं. तिथे रकाने पुसून भागत नाही, चित्राचा तेवढा भाग झाकावा लागतो.

प्रतिमा साठवणारा सर्व्हर, म्हणजे ‘पॅक्स’, बहुधा पोर्ट (संगणकाचं क्रमांक दिलेलं जोडणीचं दार) १०४ किंवा ११११२ वर ऐकत असतो. त्याला जोडताना लागणारं ‘एई टायटल’ अनेकांना पासवर्डसारखं वाटतं. ते फक्त मशीनचं नाव आहे, त्याने कुणाला अडवलं जात नाही. म्हणून डॉक्टरांना घरून रिपोर्टिंग करता यावं यासाठी राउटरवर हे पोर्ट कधीही थेट उघडू नये. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी, वापरावं, आणि सीटी-एमआरआयचं जाळं बिलिंगच्या संगणकांपासून वेगळं ठेवावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा जाळ्याची नीट विभागणी नसणं हेच कारण सरकारने संसदेत सांगितलं. ई-हॉस्पिटल या तिथल्या रुग्णनोंदींच्या प्रणालीची माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता.

रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती साठवण्याची पद्धत, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क बिघडली तर रेड सावरतं. पण खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या सगळ्या डिस्कवर एकाच वेळी कुलूपबंद होतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर आणि निदान एक नेटवर्कपासून तोडलेली, एवढं हवंच. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केली असेल, तर तिची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नये.

महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी तपासणी दुसऱ्या संगणकावर उघडून तिचे काप मोजावेत. पॅक्सचा डेटाबेस गेला तरी फाइलींमधल्या रकान्यांवरून तो पुन्हा बांधता येतो. मात्र चुकलेलं नाव केवळ डेटाबेसमध्ये दुरुस्त केलं असेल, तर बांधणीनंतर तेच चुकीचं नाव परत येतं आणि एकाचा स्कॅन दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. म्हणून डेटाबेसचाही बॅकअप रोज, वेगळा घ्यावा.