कार्बोनारी

इटलीत, विशेषतः नेपल्सच्या राज्यात, १९व्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत प्रभावी असलेली गुप्त संघटना. ‘कार्बोनारो’ म्हणजे रानात भट्टी लावून लोणारी कोळसा पाडणारा. ‘कार्बोनारी’ हे त्याचे अनेकवचन. परक्या सत्तेचा द्वेष आणि राजाला लिखित संविधानाने बांधण्याची इच्छा यांपलीकडे संघटनेला निश्चित कार्यक्रम नव्हता. इटलीचे एकीकरण हे तिचे सर्वमान्य ध्येय होते, असे म्हणता येत नाही.

तिचा उगम विवाद्य आहे. संघटनेतील आख्यायिकेनुसार फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस (कार. १५१५–४७) शिकारीत वाट चुकला आणि कोळसेवाल्यांनी त्याला आसरा दिला. ही घटना राज्याच्या स्कॉटलंडकडील सरहद्दीवर घडल्याचे सांगतात. फ्रान्सची सरहद्द स्कॉटलंडला कोठेच भिडत नाही, यावरून कथेचे मोल कळावे. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघातून ही शाखा फुटली, हे दुसरे मत. शपथविधी, खुणा व पायऱ्या यांतील साम्य हा त्याचा आधार; पण असे साम्य उसनवारीनेही येते. पूर्व फ्रान्सच्या फ्रांश-काँते प्रांतात १८व्या शतकात कोळसेवाल्यांच्या नावाने ‘भल्या भाऊबंदां’च्या मंडळ्या होत्या. त्यांचे विधी १८०६ मध्ये फ्रेंचांनी नेपल्स घेतल्यानंतर तेथे आलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी आणले, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या संदर्भात आब्रुत्सी व कालाब्रिया येथे प्रशासक असलेल्या प्येर-झोझेफ ब्रियोचे नाव घेतले जाते. मात्र फ्रेंचांनी आणलेली संघटना थोड्याच वर्षांत फ्रेंच राजवटीविरुद्ध का गेली, याचा उलगडा या मताने पुरता होत नाही. नेपल्समधून हुसकावलेल्या बूर्बाँ राजघराण्याचा सिसिलीतील दरबार व तेथील इंग्रज यांची फूस हे त्याचे एक कारण असावे.

स्थानिक शाखेस ‘वेन्दिता’ (विक्री), तर बैठकीच्या जागेस ‘बाराक्का’ (खोपटे) म्हणत. शिकाऊ व उस्ताद अशा दोन मुख्य पायऱ्या होत्या. त्यांच्या सांकेतिक भाषेत ‘रान लांडग्यांपासून मुक्त करणे’ म्हणजे जुलमी सत्ताधीशांना हटवणे. संत थिओबाल्ड हा आश्रयदाता संत मानला जाई. सदस्यसंख्येचे तत्कालीन आकडे काही लाखांत जातात. ते फुगवलेले दिसतात. लष्करी अधिकारी, वकील, जमीनदार, कनिष्ठ पाद्री असा भरणा होता.

जुलै १८२० मध्ये नोला येथील घोडदळाचे अधिकारी मोरेल्ली व सिल्वाती आणि पाद्री मिनिकिनी यांनी उठाव केला. सेनापती गुल्येल्मो पेपे त्यांना मिळाला व फ्रेंच सत्ता गेल्यावर नेपल्सला परतलेला बूर्बाँ राजा पहिला फर्डिनंड याने स्पेनचे १८१२ चे संविधान मान्य केले. लायबाख (आजचे ल्युब्लियाना) येथील युरोपीय सत्तांच्या परिषदेनंतर ऑस्ट्रियाच्या फौजेने मार्च १८२१ मध्ये रिएतीजवळ पेपेचा पराभव केला व संविधान रद्द झाले. मोरेल्ली व सिल्वाती १८२२ मध्ये फासावर गेले. पोप सातवा पायस याने १३ सप्टेंबर १८२१ रोजी संघटनेचा निषेध करणारा आदेश काढला. वायव्य इटलीतील पीडमाँटमधील उठावही त्याच वर्षी मोडला. १८३१ मधील मोदेना व पोपच्या राज्यातील उठाव फसल्यावर संघटना विरत गेली.

इटलीच्या एकीकरणाचा पुरस्कर्ता क्रांतिकारक मॅझिनी तरुणपणी तिचा सदस्य होता. १८३० मध्ये अटक होऊन तो साव्होनाच्या किल्ल्यात कैदेत पडला, आणि १८३१ मध्ये मार्सेय येथे त्याने ‘तरुण इटली’ ही संघटना स्थापन केली. मराठी वाचकांना कार्बोनारी बहुधा त्याच्यामुळेच ठाऊक असते: सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या लेखनाचा अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.