ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडात नाही, पण का?

परवा बडोद्याच्या रावपुऱ्यात स्कूटरची बॅटरी दाखवायला गेलो होतो. तिथे नवीनच लागलेला एक मुलगा मगमधल्या तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर बाटलीतलं पाणी ओतणार तेवढ्यात म्हाताऱ्या मिस्त्रींनी "अरे दिकरा, ऊभो रहे!" (थांब पोरा!) म्हणत त्याचा हातच धरला. मुलगा म्हणाला, शेवटी दोन्ही मिसळायचंच आहे ना, मग आधी काय आणि नंतर काय? प्रश्न अगदी बरोबर आहे, शाळेत आपल्याकडून नियम घोकून घेतात पण कारण कोणी सांगत नाही.

ॲसिडचा रेणू पाण्याच्या रेणूला आपला प्रोटॉन (हायड्रोजनचा धन भार असलेला कण) देतो, त्या पाण्याच्या रेणूचा हायड्रोनियम आयन, म्हणजे विद्युत भार असलेला कण होतो आणि मग आजूबाजूचे पाण्याचे रेणू या आयनांना येऊन बिलगतात. या बिलगण्यातूनच प्रचंड उष्णता सुटते. ९८ ग्रॅम, म्हणजे साधारण ५३ मिली ॲसिड भरपूर पाण्यात गेलं तर सुमारे ९५ किलोज्यूल, एवढ्यात लिटरभर पाणी २२-२३ अंशांनी तापतं!

आता ही उष्णता जाते कुठे ते बघा. भांड्यात आधी पाणी असेल तर ॲसिड जड (घनता १.८४, पाण्याची १) म्हणून खाली बुडतं, जाता जाता मिसळतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलटं केलं तर हलकं पाणी वरच तरंगतं, जिथे दोघं भिडतात तिथेच सगळी उष्णता साठते, ते थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि वाफ तर पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा मागते. ॲसिड स्वतः ३०० अंशांच्याही वर उकळतं, त्यामुळे ते वाफ होऊन जात नाही, थेंब थेंब होऊन तोंडावर उडतं.

यावरूनच व्हॉट्सॲपवर फिरतं की अंगावर ॲसिड पडलं तर पाणी लावू नका, हळद नाहीतर टूथपेस्ट लावा. हे साफ चुकीचं आणि घातक आहे! नळाखाली ॲसिड थेंबभर आणि पाणी बादल्या बादल्या असतं, उष्णता वाहून जाते. भिजलेले कपडे काढून किमान वीस मिनिटं वाहतं पाणी, आणि लगेच डॉक्टर.

मिस्त्रींनी मग त्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बारीक धारेने, हलवत हलवत ॲसिड घालून दाखवलं, चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच. बॅटरीला घनता १.२८ च्या आसपास लागते पण गरम द्रव हलका असतो म्हणून हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) तेव्हा कमी दाखवतो, आणि तेवढ्यावरून कोणी आणखी ॲसिड घातलं की थंड झाल्यावर ते जास्तच कडक निघतं. म्हणून भांडं गार होईपर्यंत मिस्त्रींनी त्याला रीडिंगच घेऊ दिलं नाही.